कोलरिजचे लेखनिक

कोलरिज आळशी होता, हे वाक्य वर्गात आम्ही स्वतः इतक्यांदा उच्चारले आहे की आता त्याची लाज वाटते. अर्धी राहिलेली 'ख्रिस्टाबेल', तुटलेली 'कुब्ला खान', केंब्रिजमधून पदवीविना बाहेर पडणे, अफू. पुरावा भरभक्कम आहे, आणि आरोपी स्वतःच दर पत्रात गुन्हा कबूल करतो आहे. मग वेगळे काही पाहण्याची गरज कोणाला वाटावी?

गेल्या काही दशकांत मानसशास्त्राने मात्र बुद्धी आणि ठरवलेले काम क्रमाने तडीस नेण्याची शक्ती यांत भेद केला आहे. या दुसऱ्या शक्तीला 'एक्झिक्युटिव्ह फंक्शन' म्हणतात. ॲडेल डायमंड यांनी २०१३ च्या आपल्या आढाव्यात तिचे तीन मूळ घटक सांगितले: ऊर्मीला आवर घालणे, लागणारी माहिती मनात धरून तिच्यावर काम करणे, आणि गरज पडताच विचाराची दिशा बदलणे. पहिली शक्ती अफाट असून दुसरी दुबळी असू शकते. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला दुरून निदान चिकटवण्याचा आमचा मानस नाही. अफूचा वाटा किती आणि स्वभावाचा किती, हे आता वेगळे काढता येणार नाही. आमचे कुतूहल एवढेच, की ज्या काळात त्याच्या हातून काम पुरे झाले त्या काळात वेगळे काय होते.

१७९६ साली त्याने 'द वॉचमन' हे नियतकालिक काढले. दर आठ दिवसांनी एक, असे दहा अंक निघाले आणि ते बंद पडले. १८०९ मध्ये त्याने पुन्हा तोच घाट घातला. 'द फ्रेंड' हे साप्ताहिक तो ग्रासमिअरला वर्ड्सवर्थच्या घरी राहून लिही आणि ते डोंगरापलीकडे पेनरिथला छापले जाई. पहिला अंक निघण्याच्या सुमारासच वर्ड्सवर्थने टॉमस पूल या जुन्या स्नेह्याला कळवले होते, की कोलरिजच्या हातून कोणाच्याही भल्याचे काही पार पडणार नाही, आणि हे आपले विचारपूर्वक बनलेले मत आहे. त्याने तेथे वापरलेले इंग्रजी क्रियापद 'एक्झिक्यूट' हेच आहे! दुसरा अंक ८ जूनला आला आणि तिसऱ्याला थेट १० ऑगस्ट उजाडला, तेव्हा वर्ड्सवर्थचे भाकीत खरे होणार असेच कोणालाही वाटले असते.

पण मार्च १८१० पर्यंत एक जादा अंक धरून अठ्ठावीस अंक निघाले. हस्तलिखित पाहिले तर त्याचा फार मोठा भाग सारा हचिन्सनच्या अक्षरात आहे. सारा ही वर्ड्सवर्थची मेहुणी. विवाहित कोलरिज तिच्यावर दहा वर्षे जीव लावून बसला होता. तो बोलत असे, ती लिहून घेत असे. समोर कोणी टाक धरून पुढच्या वाक्याची वाट पाहत असले की विचाराला फाटे फुटले तरी वाक्य संपवावेच लागते. मार्चमध्ये ती वेल्सला भावाकडे निघून गेली आणि 'द फ्रेंड' थांबले. वर्गणीही थकली होती, हे खरे. पण ती गेली याचा घरच्यांना दिलासाच वाटला, असे डोरोथी वर्ड्सवर्थच्या पत्रावरून दिसते. या अठ्ठावीस अंकांची किंमत कोणी मोजली, हे आमच्या वाङ्मयेतिहासांत सहसा लिहिलेले नसते.

१८१५ च्या उन्हाळ्यात विल्टशरमधील काल्न येथे तेच घडले. टाक या वेळी जॉन मॉर्गनच्या हाती होता. कवितासंग्रहाची प्रस्तावना म्हणून सुरू झालेला मजकूर फुगत जाऊन 'बायोग्राफिया लिटरारिया' झाला. त्यातले तेरावे प्रकरण आपण सर्वांनी शिकवले आहे. कल्पनाशक्तीचा तात्त्विक पाया रचत असतानाच एका मित्राचे पत्र येते, हे सारे पुढे ढकला असा सल्ला देते, आणि लेखक तो मानतो. ते पत्र कोलरिजने स्वतःच लिहिले होते. परीक्षेत विचारली जाणारी ती व्याख्या म्हणजे न लिहिलेल्या प्रकरणाची शेपटी होय. लेखनिक वाक्य पुरे करवून घेऊ शकतो, विचार नाही. शेलिंगकडून केलेली उचलही मॉर्गनला थांबवता आली नाही.

एप्रिल १८१६ मध्ये कोलरिजने हायगेटच्या जेम्स गिलमन या डॉक्टरला लिहिलेले पत्र आम्हांला यासाठी महत्त्वाचे वाटते. पहिला आठवडा मला एकट्याला घराबाहेर पडू देऊ नका, नोकरांनाही सक्त ताकीद द्या, असे तो स्वतःच बजावतो. हे आळशी माणसाचे पत्र नव्हे. आपला संकल्प कोठे ढासळतो हे नेमके ओळखून, त्या जागी दुसऱ्या माणसाला उभे करणाऱ्याचे ते पत्र आहे. गावातल्या औषधवाल्याकडून तो चोरून अफू आणवत राहिला, तरी १८३४ मध्ये मरेपर्यंत, अठरा वर्षे, तो गिलमनच्याच कुटुंबात राहिला. सुधारून वाढवलेले तीन खंडी 'द फ्रेंड' १८१८ मध्ये आणि 'एड्स टू रिफ्लेक्शन' १८२५ मध्ये आले ते तेथूनच.

ज्या महाग्रंथाचे आश्वासन त्याने आयुष्यभर दिले तो मात्र शल्यविशारद जोसेफ हेन्री ग्रीनला सांगून लिहवूनही तुकड्यांतच राहिला. मृत्युपत्रात कोलरिजने ग्रीनलाच आपला वाङ्मयीन विश्वस्त नेमले होते. ग्रीनने उरलेली वर्षे ते तत्त्वज्ञान सुसंगत मांडण्यात घालवली; १८६३ मध्ये तो वारला आणि त्याचे पुस्तक १८६५ मध्ये निघाले. मूळ तुकडे 'ओपस मॅक्सिमम' या नावाने छापून येण्यास २००२ साल उजाडले.