डिंक, राळ आणि चीक : एका शब्दभेदाचा इतिहास

प्रस्तावना :
वृक्षातून पाझरणाऱ्या द्रव्यांना संस्कृतमध्ये 'निर्यास' ही व्यापक संज्ञा आहे. मराठी बोलव्यवहाराने मात्र त्यांच्यासाठी गुणधर्मानुसार वेगळे शब्द राखले. डिंक, राळ व चीक या शब्दांतील भेद आणि व्यापार व कायद्याच्या क्षेत्रांत त्याला आलेले महत्त्व यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

शब्दार्थ व उपयोग :
बाभूळ, धावडा यांच्या सालीतून पाझरून सुकतो तो डिंक. तो पाण्यात विरघळतो किंवा फुगतो, तुपात तळला असता फुलतो. म्हणून बाळंतिणीच्या लाडवांत आणि कागद चिकटविण्यासाठीही त्याचा उपयोग होतो. सालवृक्षाची राळ पाण्यात विरघळत नाही, तेलात मिसळते व पेट घेते. म्हणून ती धूपात वापरली जाते. वड, रुई, शेर यांचा दुधासारखा स्राव तो चीक. नुकत्याच व्यालेल्या गाईचे पहिले दूध आणि कुरडयांसाठी काढलेले गव्हाचे सत्त्व यांनाही हाच शब्द लागतो.

व्यापारातील नावे :
ग्रीक 'कोम्मी'पासून लॅटिनमार्गे आलेला इंग्रजी 'गम' हा शब्द व्यापारात सैलपणे वापरला गेला. 'गम कोपाल', 'गम डामर' ही वस्तुतः राळेचीच नावे होत. एकोणिसाव्या शतकातील 'ईस्ट इंडिया गम' हा प्रामुख्याने आफ्रिकेतून मुंबईस येऊन पुढे निर्यात होणारा डिंक होता. धावड्याच्या डिंकाचे 'गम घाटी' हे नाव घाटवाटांवरून पडले, असे मानले जाते. मराठी शब्द द्रव्याचा गुण सांगतो, तर ही व्यापारी नावे मालाचा मार्ग सांगतात.

कायद्यातील स्थान :
भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या मूळ व्याख्येत राळ, लाख, कात इत्यादी वस्तू वनात सापडोत वा अन्यत्र, त्या 'वनोपज' ठरतात. त्या यादीत डिंकाचे नाव नाही. वृक्षाचे इतर उत्पन्न म्हणून, तो वनातून आला असेल तरच वनोपज ठरतो. त्यामुळे शेताच्या बांधावरील बाभळीचा डिंक आणि जंगलातील धावड्याचा डिंक यांत कायद्याच्या दृष्टीने अंतर पडते. वनहक्क अधिनियम, २००६ मधील गौण वनोपजाच्या व्याख्येतही डिंकाचा नामनिर्देश नाही. तथापि वनस्पतीजन्य सर्व अकाष्ठ वनोपज तीत समाविष्ट असल्याने डिंक वेचणाऱ्या हक्कधारकांची त्यावरील मालकी मान्य होते.

निष्कर्ष :
डिंक व राळ यांतील भेद केवळ कोशापुरता नाही. वस्तूची पारख, तिचा उपयोग आणि तिच्यावरील अधिकार या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. म्हणून अनुवादात व शासकीय लेखनात हे शब्द परस्परांच्या जागी वापरणे योग्य ठरत नाही.