गोष्टींनी शिकविलेले हक्क

भगिनींनो, 'मानवी हक्क' हा शब्द माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला फार मोठा वाटतो. संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी काढला. त्यात नुसते पुरुष नव्हे, तर 'सर्व माणसे' असे शब्द यावेत म्हणून आपल्या हंसाबेन मेहता झगडल्या. पण मराठी घरांत हा विचार त्याआधीच गोष्टींतून आला होता.

हरि नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' पत्र काढले. त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः आली. तिच्यात यमू आपली कहाणी आपणच सांगते : लहानपणी लग्न, पुढे वैधव्य आणि शेवटी बळजबरीचे केशवपन. बाईच्या देहावर तिचा स्वतःचा हक्क असतो, हे यमूसाठी डोळे पुसणाऱ्या मुलीला वेगळे सांगावे लागत नाही.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तिच्यात एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी पडते. आई श्यामला ती उचलून द्यायला सांगते आणि घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते.

गेल्या उन्हाळ्यात मंडळाच्या ओसरीवर मी मुलांना हा भाग वाचून दाखविला. एका मुलीने विचारले, "काकू, चांगलं काम केलं, मग आंघोळ कशाला?"

मला चटकन उत्तर सुचेना. मग म्हटले, "आईने एक पाऊल टाकले, पुढचे लेकाने टाकले." पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले. १९५० च्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. ज्यांनी अन्याय सोसला, तेही कुणाच्या दयेची वाट पाहत बसले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्याच नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखोंनी दीक्षा घेतली.

एवढे सांगून घरी आले, तो भांडी घासणाऱ्या बाईंचा वेगळा कप खिडकीत पालथा दिसला. त्या मुलीचा प्रश्न माझ्या स्वयंपाकघरापर्यंत आला होता! दुसऱ्या दिवशी मी तो कप काढून टाकला. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. बाईंनी मात्र आमच्याच कपातला चहा निवांत बसून घेतला.

म्हणून सांगते, मुलांना गोष्टी जरूर वाचून दाखवा. पण त्यांनी प्रश्न विचारला, तर आधी आपल्या घरात पाहून मग उत्तर द्या.