पानिपतानंतरचा आसरा

पानिपत म्हटले की आम्हां दिल्लीकर मराठी जनांच्या मनात १४ जानेवारी १७६१ हा एकच दिवस उभा राहतो. त्या सायंकाळनंतर जे सहस्रावधी लोक जीव घेऊन दक्षिणेकडे निघाले, त्यांचे पुढे काय झाले, हे आम्ही सहसा विचारीत नाही.

अंगावर धड वस्त्र नाही, उत्तरेची थंडी, पाठीवर अब्दालीचे स्वार आणि वाटेत गावकऱ्यांकडूनही लूट. या लोकांना थारा दिला तो भरतपूरच्या सूरजमल जाटाने. त्याचे नि आमचे संबंध तरी कसे होते? १७५४ मध्ये मराठ्यांनी त्याच्या कुंभेरीला वेढा घातला. त्याच वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव होळकर पडले. १७६० मध्ये तो भाऊसाहेबांना येऊन मिळाला. बायकामुले, यात्रेकरू व जड तोफा मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे, हा त्याचा सल्ला मानला गेला नाही. दिल्लीत मराठ्यांनी दिवाण-ए-खासचे रुप्याचे छत उतरविले, तेही त्याला रुचले नाही. अखेर तो रुष्ट होऊन बल्लभगडास निघून गेला.

एवढे होऊनही त्याच कुंभेरीची आणि डीगची दारे पराभूतांसाठी उघडली. त्याची राणी किशोरी हिने जातीने लक्ष घातल्याचे सांगतात. अन्न, वस्त्र, औषधोपचार आणि वाटखर्च देऊन लोकांना ग्वाल्हेरच्या वाटेला लावून देण्यात आले. बाजीराव-मस्तानीचा पुत्र समशेरबहादर घायाळ होऊन तेथे पोहोचला. उपचार झाले, पण तो वाचला नाही. त्याला मूठमाती मिळाली ती जाटांच्याच भूमीत. तरुण नाना फडणीसही रेवाडीवरून डीगलाच आला होता.

यात राजकारण मुळीच नव्हते, असे आम्ही म्हणत नाही. दक्षिणेशी वैर नको, हा हिशेब सूरजमलाच्या मनात असणारच. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने आग्राही घेतले. परंतु अब्दाली मार्चपर्यंत दिल्लीत ठाण मांडून असताना त्याच्या शत्रूंना घरात घेणे, हे नुसत्या हिशेबाने होत नाही.

भरतपूर जिल्हा २०१३ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात आला. म्हणजे कारभाराच्या नकाशावरही तो आता आमचा शेजारी. सूरजमल स्वतः २५ डिसेंबर १७६३ रोजी नजीबखानाशी लढताना शाहदऱ्याजवळ, हिंडन नदीच्या परिसरात पडला. यमुनापार राहणाऱ्या आमच्या सभासदांचा जाण्यायेण्याचा रस्ता त्याच भागातून जातो.