‘तुमची स्क्रीन दिसत नाहीये’

रात्री 9:00
पोळ्याला महागावला आलेली शेजारची मुलगी उद्या दुपारी इथूनच पुण्याच्या कंपनीतर्फे ग्राहकांपुढे सादरीकरण करणार. मॅकबुक नवंकोरं, कंपनीचं. कॅमेरा बघितला, माइक बघितला. स्क्रीन शेअर करून बघायचं राहिलं. घात झाला तो इथंच. बाकीचं नुसतं उघडकीला यायचं होतं.

सकाळी 11:20
लाइन गेली. राउटर बंद. घरभर धावपळ, मग मोबाइलचा हॉटस्पॉट. नेट चालू झालं तसा आईनं चहा ठेवला.

दुपारी 12:07
तिनं ‘शेअर’ दाबलं. चौकट आली: आधी सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी द्या.

2019च्या कॅटालिना आवृत्तीपासून मॅकवर कुठल्याही ॲपला पडदा टिपायचा तर वेगळी परवानगी लागते. नियम चांगलाच आहे, चोरून बघणाऱ्यांना आळा बसतो. पण पहिल्यांदा शेअर दाबेपर्यंत मशीन त्याबद्दल चकार शब्द काढत नाही!

12:09
प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात स्क्रीन अँड सिस्टिम ऑडिओ रेकॉर्डिंग, त्यात ॲपच्या नावापुढचं बटण. दाबलं, तर ॲडमिनचा पासवर्ड मागितला. तो पुण्यातल्या आयटीवाल्याकडे.

12:10
बाबांच्या फोनवरून आयटीवाल्याला फोन. बिझी. इकडे मीटिंगमधून, “हॅलो, तुमची स्क्रीन दिसत नाहीये.” दारातून आई, “काय झालं वं? पुन्हा लाइन गेली का?”

12:22
आयटीवाला सापडला. म्हणाला, मी इथूनच तुमच्या मशीनवर येतो. येणार कसा? त्याच्या ॲपलाही पडदा दिसायला हीच परवानगी हवी. शेवटी त्यानं पासवर्ड एकेक अक्षर करत फोनवर सांगितला. असं करू नये, हे दोघांनाही माहीत होतं.

12:29
बटण हिरवं... नाही, निळं झालं. लगेच दुसरी चौकट: ॲप बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय परवानगी लागू होणार नाही. म्हणजे चालू मीटिंगमधून बाहेर.

12:31
परत आली ती वेटिंग रूममध्ये. आत घेणारं कुणी नाही. ग्राहक पुढच्या मीटिंगला गेले होते.

तुमच्याकडे मॅक असेल तर आज रात्रीच एकट्यानं मीटिंग सुरू करा आणि एकदा शेअर दाबून बघा. मशीन ऑफिसचं असेल तर आयटीवाला जागेवर असतानाच दाबा. आणि एकदा परवानगी दिली म्हणून निर्धास्त राहू नका: 2024ची सिक्वोया आवृत्ती काही ॲपबाबत दर महिन्याला पुन्हा विचारते.