तपासणीच्या टेबलावर घडलेले शिक्षक

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या मराठी घरात मूल हायस्कूलच्या वरच्या वर्गात गेले की पाहुण्यारावळ्यांतही एक प्रश्न हमखास निघतो: एपी किती घेतल्या? 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास, मे महिन्यात देशभर एकच परीक्षा आणि १ ते ५ या श्रेणीत निकाल. चर्चा होते ती मुलाच्या श्रेणीची आणि त्यामुळे कॉलेजात वाचणाऱ्या फीची. शाळेतल्या शिक्षकाने कॉलेजचा विषय शिकवायचा तर तो शिक्षक कुठे तयार झाला, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच तर ठरलेले उत्तर मिळते, की उन्हाळ्यात त्यांच्या कार्यशाळा असतात. उत्तर खोटे नाही, पण इतिहासाचा क्रम त्यात उलटा होतो. एपीचा शिक्षक आधी घडला तो उत्तरपत्रिका तपासण्याच्या टेबलावर. कार्यशाळा नंतर आली, आणि तिच्यात जे कसदार आहे ते बहुतेक त्या टेबलावरूनच उचललेले आहे.

सुरुवात मूठभर श्रीमंत शाळांतून झाली. अँडोव्हर, एक्सेटर आणि लॉरेन्सव्हिल या खासगी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही विद्यापीठे यांनी मिळून एक अभ्यास केला. हुशार मुले शाळेच्या शेवटच्या वर्षांत शिकलेलेच कॉलेजात पुन्हा शिकतात आणि कंटाळतात, असा त्याचा १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष होता. त्याच सुमारास केनयन कॉलेजचे अध्यक्ष गॉर्डन चाल्मर्स यांच्या पुढाकाराने बारा कॉलेजांनी अशा मुलांना थेट पुढच्या वर्गात घेण्याची योजना आखली. दोन्ही उपक्रमांमागे पैसा होता फोर्ड फाउंडेशनने उभ्या केलेल्या निधीचा. या योजनेतली महत्त्वाची गोष्ट अभ्यासक्रमापेक्षा त्याच्या समित्यांत होती. प्रत्येक विषयाच्या समितीत कॉलेजचे प्राध्यापक आणि शाळेचे शिक्षक एकत्र बसले. पहिल्या वर्षाच्या मुलाला काय यावे हे त्यांनी एकमेकांना विचारून ठरवले, म्हणजे कोणी कोणाला प्रशिक्षण दिले नाही. १९५५ मध्ये हा कार्यक्रम कॉलेज बोर्ड या संस्थेकडे आला. विल्यम्स कॉलेजचे इतिहासाचे प्राध्यापक चार्ल्स केलर त्याचे पहिले संचालक झाले. १९५६ च्या परीक्षेला १०४ शाळांतले १,२२९ विद्यार्थी बसले. एवढ्या लहान जगात शिक्षकांची तयारी ही वेगळी बाब नव्हतीच. जूनमध्ये विषयवार परिषदा होत, शाळेचे आणि कॉलेजचे लोक भेटत, नुकत्याच झालेल्या प्रश्नपत्रिकेवर वाद घालत आणि घरी जात.

खरे काम व्हायचे तपासणीत. या तपासणीला तिथे 'रीडिंग' म्हणतात आणि तपासणारे ते 'रीडर'. अनेक वर्षे तिचा मोठा तळ न्यू जर्सीतल्या रायडर कॉलेजात असे, आज मराठी मंडळींनी गजबजलेल्या एडिसनहून तासाभराच्या अंतरावर. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरोघर पाठवायचे नाहीत, माणसांनाच गठ्ठ्यांपाशी आणायचे, असा हा रिवाज. एका टेबलाभोवती काही शाळाशिक्षक, काही प्राध्यापक आणि एक अनुभवी 'टेबल लीडर'. आधी निवडक उत्तरांच्या प्रती सगळ्यांना देतात. प्रत्येक जण गुपचूप गुण लिहितो आणि मग एकेक जण आकडा सांगतो. एकाने ४ दिलेले असतात, शेजारच्याने ७. मग कारणे द्यावी लागतात. अमुक वाक्यात मुद्दा आहे की नुसता मुद्द्याचा भास? तारीख चुकली पण कारणमीमांसा बरोबर, तर किती कापायचे? टेबलावरचे आकडे जवळ येईपर्यंत हे चालते आणि त्यानंतरच खरे गठ्ठे उघडतात. विद्यार्थ्याचे आणि शाळेचे नाव झाकलेले, आधीच्या तपासनिसाचे गुणही झाकलेले. टेबल लीडर मधूनमधून तपासलेले पेपर पुन्हा काढून पाहतो आणि कोणी सैल किंवा कडक होत चालला असेल तर त्याला सांगतो. टेबलावर प्राध्यापक आणि शाळाशिक्षक यांच्या मताचे वजन सारखेच, हेही विसरता कामा नये. शाळेच्या शिक्षकाला एरवी हा मान मिळतो कुठे?

एवढा खटाटोप कशाला, याचे उत्तर एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या परीक्षासंस्थेत पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये दिले. कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध त्यांनी ५३ जणांना तपासायला दिले. त्यांत इंग्रजीचे प्राध्यापक होते, शास्त्रज्ञ, वकील, संपादक आणि उद्योगातली माणसेही होती. निकष कोणताच दिला नव्हता, फक्त नऊ पायऱ्यांत निबंध लावायचे होते. १०१ निबंधांना पहिलीपासून नववीपर्यंतची प्रत्येक पायरी मिळाली, आणि पाचाहून कमी वेगवेगळ्या पायऱ्या मिळालेला एकही निबंध निघाला नाही. सगळी माणसे शिकलेली आणि आपापल्या जागी शहाणी. चांगल्या लेखनाबद्दलचे एकमत शिक्षणाने आपोआप येत नाही, ते बसून घडवावे लागते, हा त्याचा अर्थ. तपासणीच्या टेबलावर नेमके तेच घडवले जाई. तिथून परतलेला शिक्षक सोबत अभ्यासक्रमाची पुस्तिका नेत नसे, शेकडो अनोळखी मुलांनी त्याच प्रश्नाशी केलेली झटापट नेत असे. आपल्या वर्गातली चूक देशभर होते की ती आपल्याच शिकवण्यातून आली आहे, हे त्याला पहिल्यांदा कळे.

या टेबलाची पोच किती लांबवर होती हे इतिहास विषयात दिसते. अमेरिकेच्या इतिहासाच्या एपी परीक्षेत १९७३ मध्ये एक नव्या प्रकारचा प्रश्न आला. मुलासमोर पत्रे, भाषणे, व्यंगचित्रे, आकडेवारी असे अस्सल कागद ठेवायचे आणि त्यांच्या आधारे युक्तिवाद लिहायला सांगायचे. पाठांतराच्या जोरावर गुळगुळीत निबंध लिहून निसटणाऱ्यांना तो आडवा आला. पण असा प्रश्न तपासायचा कसा? कागदातला मजकूर नुसता उतरवून काढणे आणि त्याचा पुरावा म्हणून वापर करणे यांतला फरक कोणत्याही सूचनापत्रकात पुरता मावत नाही. तो एकेका उत्तरावर भांडूनच कळतो. पुढे हा प्रश्नप्रकार एपीच्या बाहेर पडला, साध्या वर्गांत गेला, न्यूयॉर्क राज्याच्या शालान्त परीक्षेतही शिरला. टेबलावर तयार झालेले शिक्षक आपापल्या शाळांत होते म्हणूनच तो रुजला असणार, असे मला वाटते. नुसते परिपत्रक काढून एवढी अवघड गोष्ट शाळांत रुजली असती, हे पटत नाही.

उलट बाजूचा दाखलाही त्याच काळातला आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९५३ पासून शिक्षकांसाठी उन्हाळी शिबिरे सुरू केली. १९५७ मध्ये स्पुटनिक उडाल्यावर त्यांत पैसा ओतला गेला. एमआयटीच्या जेरॉल्ड झकारियास यांनी उभा केलेला नवा भौतिकशास्त्र अभ्यासक्रम या शिबिरांतून हजारो शिक्षकांपर्यंत गेला, आणि १९६३ पासून अमेरिकी मदतीने तशीच उन्हाळी शिबिरे भारतातही भरू लागली. ज्ञान अव्वल होते, शिकवणारे त्याहून अव्वल. पण आपल्याकडचा शिक्षक जूनमध्ये शाळेत परतला की समोर तीच बोर्डाची परीक्षा आणि तीच व्याख्या लिहा, फरक स्पष्ट करा. शिबिराने त्याला विषय दिला, पण मुलाच्या उत्तराकडे पाहण्याची नजर बदलण्याची संधी त्याला मिळाली नाही. पुढे अमेरिकेतही १९७५ च्या सुमारास सामाजिक शास्त्रांच्या एका शालेय अभ्यासक्रमावरून काँग्रेसमध्ये वादळ उठले आणि अशा कामाचा पैसा आटला.

मग एपीत कार्यशाळांचा सुळसुळाट का झाला? कार्यक्रम मोठा झाला म्हणून. पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये हायमे एस्कलांते या बोलिव्हियन शिक्षकाची गरीब वस्तीतली मुले १९८२ मध्ये कॅल्क्युलसच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. परीक्षा घेणाऱ्यांनी संशय घेतला, बारा मुलांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराही जण पुन्हा उत्तीर्ण झाले. श्रीमंत शाळांची मिरास म्हणून एपी टिकणे त्यानंतर अवघड होते. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात काही विद्यार्थ्यांनी आमच्या शाळेत एपी का नाही म्हणून राज्यावरच दावा लावला. आज वर्षाला पंचवीस लाखांहून जास्त मुले या परीक्षा देतात. त्यांना शिकवणारे हजारो नवे शिक्षक एका उन्हाळ्यात टेबलावर बसवणे शक्यच नव्हते, म्हणून चार-पाच दिवसांची, तीसेक तासांची उन्हाळी कार्यशाळा हा मार्ग झाला. कॉलेज बोर्ड ती सक्तीची म्हणत नाही, पण अनेक शाळा-जिल्हे तिचा आग्रह धरतात आणि शेवटी हातात प्रमाणपत्र पडते. वरिष्ठ वेतनश्रेणीचे प्रशिक्षण केलेल्या महाराष्ट्रातल्या शिक्षकाला या व्यवहाराचा रंग ओळखायला वेळ लागणार नाही. २००२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने गणित-विज्ञानाच्या या अभ्यासक्रमांचा कठोर आढावा घेतला, तेव्हा विषयाचा पसारा आणि शिक्षकांची अपुरी तयारी या दोन्हींवर बोट ठेवले. कार्यशाळेत शिक्षक ज्या सत्राची वाट पाहतात ते मात्र मागच्या मे महिन्यातल्या खऱ्या उत्तरांचे. जुना रीडर समोर उभा राहतो, सगळे गुण लिहितात, आकडे सांगतात आणि भांडतात. कार्यशाळा तेवढा वेळ पुन्हा टेबल होते.

या मांडणीवर आक्षेप आहेत आणि ते फुटकळ नाहीत. पहिला असा की टेबलावर जागा मिळते ती आधीच काही वर्षे शिकवलेल्याला. नवख्याचे काय? हा आक्षेप मान्यच करायला हवा. नवख्यासाठी कार्यशाळाच हवी, फक्त तिच्यातला मोठा वाटा खऱ्या उत्तरांना मिळावा. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. तपासणीतून परतलेला शिक्षक मुलांना विचार शिकवतो की गुण कसे उचलायचे ते शिकवतो? निकषांची यादी पाठ असलेला शिक्षक चार वाक्यांत चार गुण काढायची युक्ती शिकवू शकतो आणि शिकवतोही. पण ती यादी आज इंटरनेटवर कोणालाही मिळते. युक्ती शिकवायला टेबलावर जावे लागत नाही. टेबलावर जाऊन कळते ते यादीत न बसणाऱ्या उत्तराचे काय करायचे, आणि युक्तीला उतारा असेल तर तो तिथेच आहे. तिसरा आक्षेप असा की टेबलावर बसलेल्यांची मुले जास्त गुण मिळवतात हे सिद्ध करून दाखवा. ते कठीण आहे, कारण मुळात चांगले शिक्षकच तिथे जायला धडपडतात. माझा दावा गुणांचा नाहीच. शिक्षकाची पारख कशाने घडते एवढ्यापुरताच तो आहे.

हे श्रीमंत देशाचे चोचले आहेत, असे म्हणून विषय मिटवता येत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सोळा उच्च प्राथमिक शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात शिक्षकांची लांब शिबिरे होती, दरमहा बैठका होत्या, परीक्षा पुस्तक उघडे ठेवून होती आणि तिच्या मूल्यमापनात शिक्षक सामील होते. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन १९७८ मध्ये गेले ते इथेच. राज्य सरकारने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला, पण तीस वर्षे तो तुटपुंज्या साधनांवर चालला. महाराष्ट्र राज्य मंडळाकडे परीक्षक, नियामक, मुख्य नियामक अशी उतरंड तयार आहे. मुख्य नियामकांची बैठक होते, तिथून नमुना उत्तरे आणि सूचना खाली येतात, आणि सामान्य परीक्षक त्या वाचून आपला गठ्ठा संपवतो. वाद झालाच तर वर होतो, खाली पोचतो तो फक्त निर्णय. पेपर तपासणी हे काम शिक्षकाला इतके परके झाले आहे, की सरकारला नमवायचे तर संघटना आधी त्याच्यावरच बहिष्कार टाकतात.

२०२० च्या साथीनंतर एपीची बरीच तपासणी रीडर घरी बसून पडद्यावर करतात, आणि परीक्षाही डिजिटल होत आहेत. विमानभाडे आणि हॉटेलचा खर्च वाचतो यात शंका नाही, पण तिकडे मोडत चाललेली गोष्ट आपण निदान करून पाहायला हरकत नाही. शिक्षक-प्रशिक्षणाचे आणखी एक पोर्टल काढण्याआधी आपल्या नऊ विभागीय मंडळांपैकी एकाने, एका विषयासाठी, पन्नासेक परीक्षकांना दोन दिवस एकत्र बोलवावे, नावे झाकलेल्या तीस उत्तरपत्रिका प्रत्येकाला द्याव्यात, गुण मोठ्याने सांगायला लावावेत, आणि प्रवासभत्ता त्याच दिवशी हातात द्यावा.