वऱ्हाडातील अपिलाचा मार्ग : एक ऐतिहासिक आढावा

अपील न्यायालय कोठे असावे, हा केवळ सोयीचा नव्हे, तर न्यायप्राप्तीच्या हक्काचा प्रश्न आहे. कामरगाव (ता. कारंजा, जि. वाशीम) ज्या वऱ्हाडात मोडते, तो प्रदेश १८५३ च्या तहान्वये इंग्रजांच्या ताब्यात गेला व १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या प्रशासनास जोडला गेला. ९ जानेवारी १९३६ रोजी नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात आला. मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६० च्या कलम ४१ ने मात्र किमान तीन न्यायाधीश नागपुरात बसतील, अशी तरतूद केली. त्यात नमूद केलेल्या अकोला जिल्ह्यातूनच १९९८ मध्ये वाशीम जिल्हा वेगळा झाला.

याउलट तत्कालीन औरंगाबाद येथील खंडपीठ १९८१ मध्ये मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशाने सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये तो आदेश वैध ठरविला. त्याच अधिकारात ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूर येथे फिरते खंडपीठ सुरू झाले. नागपूरचा आधार मात्र संसदेचा कायदा हाच आहे. विशिष्ट प्रकरण मुंबईत चालविण्याची मुभा मुख्य न्यायमूर्तींना असली, तरी कामरगावच्या पक्षकाराचे दिवाणी वा फौजदारी अपील नागपुरात चालणे, ही सवलत नसून वैधानिक हमी होय.