आजीची शिकेकाई आणि आत्याचा अंबाडा



दिवाळीत पुण्याहून नात आली होती. केस कमरेच्या खाली. दोन दिवस मोबाइलवर काहीतरी शोधत बसली होती. विचारलं तर म्हणाली, "आबा, एवढ्या लांब केसांना मानवेल असा शाम्पू मिळत नाही, आणि क्लिपा तर आठ दिवसांत तुटतात." मी म्हटलं, बाळा, हा प्रश्न आपल्या घरात फार जुना आहे. तिला जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो. आयुष्यभर बँकेत खातेवह्या तपासल्या, त्यामुळे लिहिणं थोडं हिशेबी वाटेल, सांभाळून घ्या.

आमचे आजोबा बालाघाटला आले ते छोट्या लाइनीवरच्या नोकरीमुळे. गोंदिया-नैनपूर-जबलपूर ही अडीच फुटी लाइन बंगाल नागपूर रेल्वेनं १९०३ ते १९०५ च्या दरम्यान टाकली. आपल्यातली बरीच घरं अशीच रेल्वे, कचेरी, शाळा किंवा मॅंगनीजच्या खाणींच्या निमित्तानं इथे आली आणि इथलीच झाली. १९५६ मध्ये नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. पण बायकांचा बाजार काही बदलला नाही. चांगली फणी, आकडे, अंबाड्याची जाळी हे सगळं गोंदियाहून किंवा नागपूरहूनच यायचं.

आजोबा १९३१ मध्ये वारले. आजी तेव्हा एकोणतीस वर्षांची, पदरात तीन मुलं. तेराव्याच्या आत तिचे केस गेले. त्यानंतर लाल आलवण, आणि दर पंधरवड्याला मागच्या दारानं न्हावी. इतिहास असा की मुंबईत १८९० मध्येच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं होतं. ती गोष्ट आमच्या मागच्या दारापर्यंत यायला एक्केचाळीस वर्षंही पुरली नाहीत.

आणि गंमत बघा (गंमत म्हणावं की काय, मला कळत नाही), अख्ख्या आळीत केसांचं ज्ञान सगळ्यात जास्त आजीलाच. लेकी-सुनांचं न्हाणं ठरलं की आदल्या दिवशी ती अंगणात चटई टाकायची. किलोभर शिकेकाईला पावभर रिठा, तेवढाच आवळा, मग नागरमोथा, गव्हला कचोरा, मूठभर मेथ्या आणि वाळवलेली संत्र्याची साल. संत्र्याला आपल्याकडे काय तोटा! आवळा बैहरकडच्या जंगलातून बाजारात यायचा, बाकीचं किराण्यातून. मी उखळापाशी बसून शिंकत असायचो. रिठा जास्त झाला तर केस कोरडे पडतात, हे आजीचं गणित. रिठ्यात आणि शिकेकाईत फेस आणणारं द्रव्य एकच जातीचं, पण शिकेकाई सौम्य, हे मला फार पुढे वाचून कळलं. आजीला ते हातानं कळत होतं.

तेलाचं वेगळंच. नारळ आपल्याकडे होत नाही, त्यामुळे खोबरेल महाग आणि थंडीत गोठलेलं. डबा चुलीजवळ ठेवावा लागे. एरवी तिळाचं तेल, त्यात माका आणि जास्वंद उकळून. गावाकडे मोहाच्या बियांचं तेलही लावत. विंचरल्यावर निघालेलं गुंतवळ आजी फेकू देत नसे. ते साठवून, धुऊन, वळून ती गंगावन करायची. ज्यांचे केस विरळ त्यांच्या वेणीत ते जायचं. स्वतःच्या डोक्यावर पदर, आणि हातात दुसऱ्यांचे केस.

आता खरी गोष्ट. माझी आत्या १९५३ मध्ये विधवा झाली, चोवीस वर्षांची. केस गुडघ्यापर्यंत. मी तेव्हा तीन वर्षांचा, हे सगळं आईकडून ऐकलेलं. दहाव्या दिवशी वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी विषय काढला. काळ बदलला होता, पण सगळ्यांचा बदलला नव्हता. आजी, जी कधी पुरुषांसमोर बोलली नाही, ती माजघरातून बाहेर आली. म्हणाली, "माझे नेले तेव्हा मला कुणी विचारलं नाही. हिचे मी देणार नाही." आणि मागच्या दाराला आतून कडी लावली. विषय संपला.

आत्या पुढे प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. तिच्यापुढे अडचण वेगळी. गजरा नाही, सोन्याचं फूल नाही, पण एवढा भार डोक्यावर सांभाळून पाच तास उभं राहायचं. साधे आकडे सुटायचे. शेवटी वडिलांनी गोंदियाहून जाड काळे यू-आकाराचे आकडे आणि काळी जाळी आणली. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी तो जिन्नस यादीत असायचाच. किराण्याच्या यादीत "ताईचे आकडे" असं वडिलांच्या अक्षरात लिहिलेलं मी पाहिलंय.

आजीच्या फणेरपेटीत तिची राखडी आणि मूद तशीच पडून होती. १९६८ मध्ये मी बी.कॉम.ला गेलो तेव्हा फीसाठी तिनं ती सोनाराकडे पाठवली. पुढे बँकेत सोनेतारणाच्या अर्जांमध्ये जुनी राखडी दिसली की मी वजन लिहिण्याआधी क्षणभर थांबायचो.

नंतर बाजारच पालटला. सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये तमिळनाडूत चिक शाम्पूच्या पुड्या काढल्या, आणि शाम्पू गावोगावच्या पानटपरीवर लोंबकळू लागला. आत्या हसायची, "एका पुडीत माझी नुसती शेंडी धुऊन होईल!" शाम्पू हा शब्द मुळात आपल्या 'चंपी'चाच भाऊबंद. पाटण्याच्या शेख दीन महंमदनं १८१४ मध्ये इंग्लंडात ब्रायटनला मालिशीचं स्नानगृह काढलं, तिथून तो शब्द साहेबाकडे रुजला आणि बाटलीत भरून आपल्याकडे परत आला.

नातीला मी आजीचं प्रमाण लिहून दिलं. आत्याचे सात आकडे अजून पेटीत होते, तेही दिले. एकही वाकलेला नाही. ती म्हणाली, "आबा, आजींनी स्वतःचे केस नंतर वाढवले का?" वाढवले. साठी उलटल्यावर, १९६२ नंतर न्हावी यायचा बंद झाला. चार बोटं पांढरे केस आले होते. आत्या रोज संध्याकाळी त्यांना तेल लावायची. मी ते पाहिलंय.

तुमच्याही घरांत अशा आठवणी असतील. फणेरपेटी, गंगावन, जुना फोटो, जे असेल ते खाली जरूर टाका. ज्यांच्या घरी अशी कडी लागली, त्यांनीही लिहा. आणि ज्यांच्या घरी लागली नाही, त्यांनीसुद्धा.